सुरूच्या सुया

लवू केळुसकरांची गाडी टेम्पोला बांधून आली.
तीन रात्री हॉर्न आपोआप वाजत होता म्हणे,
चौथ्या रात्री शेजाऱ्यांनी बॅटरीची वायरच उपटली.

मी ती परत जोडली.
वायपर कोरड्या काचेवर फिरायला लागले,
डावी काच खाली गेली ती वर येईना,
डॅशबोर्डवर एकदम इतके दिवे
की जत्रेतला पाळणा वाटावा.

गालिचा उचलला. खाली फोम, फोममध्ये पाणी,
दाबलं की बोटांमधून वर येणारं.
जिभेला लावून पाहिलं. खारट नाही.
"समुद्राचं नाही, छपरातलं," मी म्हटलं.
ते हसले नाहीत. चाळीस वर्षं होडीवर काढलेला माणूस.
"खालसून पाणी इला तर माका कळता,
पायाक कळता.
वरसून इलेला कळूक नाय."

छपराच्या काचेला चार कोपऱ्यांत चार नळ्या असतात,
करंगळीहून बारीक.
काच सगळं पाणी अडवत नाही, हे विकताना कोणी सांगत नाही;
झिरपेल ते नळीने उतरायचं,
खांबाच्या आतून, चाकामागे, गुपचूप.
या गाडीच्या पुढच्या डाव्या नळीत
सुरूच्या सुया,
एकीत एक अडकून बुचासारख्या घट्ट,
आणि वरून जून, जुलै, ऑगस्ट.

हवा मारायची नाही. आत नळी निसटते,
मग पाणी कुठे गेलं ते शोधत बसा.
सायकलच्या ब्रेकची तार घ्यायची,
टोकाला डाख देऊन गोल करायचं
आणि हळू, कानातला मळ काढावा तसं.

सीटखाली डबा. गाडीचं निम्मं शहाणपण त्यात.
उघडला तर पिना हिरव्या,
ताक तांब्यात राहिलं की कळकतं, तो रंग.
वायर सोलली, आत काळी.
आणखी सोलली, अजून काळी.
पाणी तांब्याचा धागा धरून चढतं,
वातीतल्या तेलासारखं.
वीतभर कापल्यावर कुठे लाल लागलं.

स्पिरिट, जुना टूथब्रश,
रंगाला रंग, एकेक जोड,
डाखाचा धूर डोळ्यांत.
ते दारातल्या टायरवर बसून बघत होते,
जाळं विणणाऱ्याच्या नजरेने.
एकदाच उठले. "ही गाठ सैल आसा."
होती.

गालिच्याखाली सापडलं ते वर्तमानपत्रावर वाळत घातलं:
बांबोळीच्या हॉस्पिटलचा पास, शाई पसरलेली,
आलेपाकाचा रिकामा कागद,
केसांची पिन, गंजून तपकिरी.
शेवंतीबाई मागच्या सीटवर आडव्या असायच्या,
मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.
वरच्या काचेतून माड मोजायच्या
सातार्ड्याच्या पुलापर्यंत,
पूल ओलांडला की डोळे मिटायच्या.
सतरा खेपा.
मार्चपासून गाडी सुरूखाली, चावी खुंटीला.

पिन मी टाकणार होते. टाकली नाही.

चार दिवस पंखा, बल्ब, बहिणीचा हेअर ड्रायर.
पाचव्या दिवशी बॅटरी.
वायपर गप्प. हॉर्न मी दाबला तेव्हाच वाजला.
डावी काच करकरत, थांबत वर आली.
"काय गो, जिवंत आसा?"
मागच्या सीटवरचा दिवा मात्र लागेना.
त्याची वायर बघायची तर छपराचं अख्खं अस्तर उतरवावं लागेल, म्हटलं.
"रवांदे," ते म्हणाले.

मग कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतलं.
ते गुडघ्यांवर बसून चाकामागे बघत राहिले.
थेंब. थेंब. मग धार.
चारही कोपरे त्यांनी स्वतः करून पाहिले,
एक तर दोनदा.

बिल लिहिताना बजावलं, दर दोन महिन्यांनी तार घाला,
आणि गाडी सुरूखाली लावू नका.
"मगे लावू खंय? सगळीकडे सुरूच आसत."

तार देऊन टाकली त्यांना.
बोटाभोवती गुंडाळली त्यांनी, गळाची दोरी गुंडाळतात तशी,
आणि पिनेबरोबर
वरच्या खिशात ठेवली.